विषविश्लेषण कक्षातील कनिष्ठ विश्लेषक

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात दर वर्षी एका विभागाच्या कामकाजाची ओळख करून देण्याची प्रथा आहे. शस्त्रक्रियागृह, नवजात शिशू कक्ष, अपघात विभाग यांविषयी यापूर्वी लिहून झाले. यंदा विषविश्लेषण कक्षाविषयी, आणि त्यातही तेथील सर्वांत कनिष्ठ पदाविषयी लिहावे असे ठरले. देणगीदार रुग्णालय पाहावयास येतात तेव्हा आम्ही त्यांना नवे यंत्र दाखवितो. यंत्रासमोर उभा असलेला विशी-पंचविशीतील तरुण कोण, हे कोणी विचारीत नाही आणि आम्हीही सांगत नाही. या पदावर नेमलेले उमेदवार एकामागून एक सोडून गेले, तेव्हा आमची ही चूक आमच्या लक्षात आली.

जाहिरातीत या पदाचे नाव ‘कनिष्ठ विश्लेषक’ असे असते. वॉर्डात त्याला ‘लॅबवाला’ म्हणतात. रसायनशास्त्राची किंवा जीवरसायनशास्त्राची पदवी आणि शक्यतो डी.एम.एल.टी. ही अर्हता. पहिले काही महिने त्याला अहवालावर स्वाक्षरी करण्याचा अधिकार नसतो. नमुने घ्यावयाचे, नोंदवावयाचे, तपासावयाचे आणि निष्कर्ष वरिष्ठांपुढे ठेवावयाचे, एवढेच त्याचे काम, असे आम्हीही बरीच वर्षे समजत होतो.

आपला परिसर कापूस-सोयाबीनचा. खरिपात फवारणी सुरू झाली, की अपघात विभागात विषबाधेचे रुग्ण येऊ लागतात. काही फवारताना बाधा झालेले असतात. काहींनी, दुर्दैवाने, औषध स्वतःहून घेतलेले असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या घटनेनंतर कोलिनेस्टरेज चाचणीचे नाव वृत्तपत्रांतून सर्वतोमुखी झाले. ही चाचणी म्हणजे काय, ते आमच्या अल्पमतीप्रमाणे सांगतो.

मज्जातंतूकडून स्नायूला संदेश पोचविणारे एक द्रव्य शरीरात असते. काम झाल्यावर ते द्रव्य पुसून टाकणारे विकर म्हणजे कोलिनेस्टरेज. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके या विकराला जखडून टाकतात. संदेश पुसला जात नाही. तोंडाला लाळ सुटते, दरदरून घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, आणि पुढे श्वसनाचे स्नायू थकतात. याच जातीचे एक विकर रक्तद्रवातही असते व तेही याच रीतीने निकामी होते. विश्लेषक त्या रक्तद्रवात एक ठरावीक रसायन घालतो. विकर कार्यक्षम असेल तर पिवळा रंग भराभर चढतो. विषाने ते निकामी केले असेल तर रंग मंद राहतो. एलमन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही रीत आजही जगभर वापरली जाते.

येथे दोन गोष्टी नव्या विश्लेषकाला पहिल्याच आठवड्यात शिकविल्या जातात. एक, उपचार या अहवालासाठी थांबत नाहीत. लक्षणे पाहून डॉक्टर ॲट्रोपिन सुरू करतात. दुसरी, आकडा सामान्य आला म्हणून ‘विष नाही’ असे लिहावयाचे नाही. पायरेथ्रॉइड किंवा डायफेन्थियुरॉन यांसारखी औषधे या विकराला हात लावीत नाहीत, आणि शेतावर तर दोन-तीन औषधे एकत्र मिसळून फवारली जातात. उलट यकृताचा विकार किंवा कुपोषण असेल तर विष नसतानाही आकडा खाली येतो. म्हणून अहवालात केवळ विकराची पातळी लिहावयाची. तिचा अर्थ डॉक्टरांनी लावावयाचा.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील एक रात्र सांगतो. एकाच शेतात फवारणी करणारे दोन चुलत भाऊ दाखल झाले. घाईत दोन्ही नळ्यांवर केवळ आडनाव लिहिले गेले. नेमणूक होऊन तीनच आठवडे झालेल्या आमच्या विश्लेषकाने ते नमुने चालविण्यास नकार दिला आणि पुन्हा रक्त मागविले. नातेवाईक संतापले, परिचारिका संतापल्या, आणि रात्री दीड वाजता आमच्या घरी दूरध्वनी आला. आम्ही त्याला जरा कठोर शब्दांतच म्हणालो, की एवढे चालवून घ्यावे. तो म्हणाला, “साहेब, रक्त कोणाचे हे मला ठाऊक नाही, तर आकडा कोणाच्या नावावर लिहू?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक लिहिलेले नवे नमुने वीस मिनिटांत आले. धाकट्याची पातळी जवळजवळ सामान्य होती; थोरल्याची अगदी तळाला गेली होती. अतिदक्षता विभागात त्या रात्री एकच खाट रिकामी होती. या विषात पहिली लक्षणे ओसरल्यावरही, एक ते चार दिवसांत, श्वसनाचे स्नायू लुळे पडू शकतात, असे डॉक्टरांनी आम्हांस नंतर समजावून सांगितले. थोरल्याचे तसेच झाले. परंतु तो योग्य खाटेवर होता आणि व्हेंटिलेटर शेजारी होता. दोघेही पायी घरी गेले. तो विश्लेषक दहा महिन्यांनी नोकरी सोडून शहरातील प्रयोगशाळेत गेला. आम्ही त्याला साधे प्रशंसापत्रही दिले नव्हते.

नावाइतकेच महत्त्व वेळेला. पॅरासिटामॉलच्या गोळ्या अतिप्रमाणात घेतलेला रुग्ण पहिल्या दिवशी चांगला हसता-बोलता असतो. यकृताची हानी दोन-तीन दिवसांनी दिसते. उतारा आहे, पण तो आठ तासांच्या आत दिला तर फारच गुणकारी ठरतो. रक्तातील पातळी मात्र गोळ्या घेतल्यापासून चार तासांच्या आधी मोजली तर तिचा अर्थ लावता येत नाही. त्यामुळे अर्जावर ‘गोळ्या केव्हा घेतल्या’ हा रकाना कोरा असेल, तर वॉर्डात फोन करून तो भरून घेणे हे कनिष्ठ विश्लेषकाचेच काम. रात्री-अपरात्री असा फोन करणारा माणूस कोणाचा लाडका नसतो.

रक्तातील मद्यार्काच्या तपासणीसाठी आलेल्या नमुन्याबाबतही प्रश्न असतात: त्वचा स्पिरिटने पुसली होती काय? पुसली असल्यास नमुना संशयास्पद. वाहनचालकांच्या आरोग्य तपासणीत लघवीची प्राथमिक चाचणी अफूसाठी सकारात्मक आली, तर तेवढ्यावर कोणाचीही भाकरी हिरावून घेता येत नाही. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, इतकेच काय भरपूर खसखस खाणे, यानेही ती तशी येऊ शकते. (दिवाळीत अनारसे करणाऱ्या भगिनींनी घाबरण्याचे कारण नाही!) अशा वेळी मास स्पेक्ट्रोमेट्रीने खातरजमा करण्यासाठी नमुना बाहेर पाठविला जातो आणि तोवर अहवाल राखून ठेवला जातो. मृत्यूच्या प्रकरणांतील व्हिसेरा मात्र आपल्याकडे तपासला जात नाही. तो पोलिसांमार्फत शासनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो.

आम्ही वाणिज्य शाखेचे. रसायनशास्त्रातील फारसे कळत नाही. परंतु या कक्षाची नोंदवही पाहिली आणि ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले. खाडाखोड नाही, चूक झाली तर एक रेघ मारून वर दुरुस्ती, स्वाक्षरी व दिनांक. रोज सकाळी रुग्णांच्या नमुन्यांआधी ज्ञात पातळीचा एक नमुना यंत्रावर चालविला जातो व त्याचा बिंदू आलेखावर मांडला जातो. बिंदू मर्यादेबाहेर गेला, की कारण सापडेपर्यंत काम बंद. तेरीज जुळल्याशिवाय ताळेबंद मांडावयाचा नाही, ही शिस्त आम्ही तीस वर्षे पाळली. तीच येथे बावीस वर्षांची मुले-मुली पाळतात, आणि त्यांच्यावर वॉर्डातून ‘अहवाल कुठे आहे’ असा तगादा चालू असतो.

पगाराच्या बाबतीत शहराशी बरोबरी करणे आपल्या न्यासाला शक्य नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. जे शक्य होते ते यंदा केले. आजवर एकाच विश्लेषकाला फवारणीच्या हंगामात लागोपाठ रात्रपाळ्या कराव्या लागत. आता रात्रपाळीसाठी दुसरे पद मंजूर झाले असून त्याच्या वेतनाची तरतूद सर्वसाधारण निधीतून करण्यात आली आहे. नमुना नाकारल्याबद्दल कोणाही विश्लेषकाला प्रशासनाकडून जाब विचारला जाणार नाही, अशी लेखी सूचना आम्ही स्वतःच्या स्वाक्षरीने सर्व विभागांना पाठविली आहे. दुसऱ्या पदावरील नेमणूक येत्या खरिपापूर्वी करावयाची आहे. आपल्या परिचयातील योग्य उमेदवारांना कार्यालयाकडे अर्ज करण्यास सांगावे, ही हितचिंतकांस विनंती.