गाडीचा थांबा, शरीराचा विसावा

गेल्या मे महिन्यात भर दुपारी एक पन्नाशीचे गृहस्थ घामाने निथळत माझ्या दवाखान्यात आले. मंगरूळपीरहून वाशिमला येताना त्यांच्या विजेवरील स्कूटरची बॅटरी संपली होती. शंभर किलोंहून जड गाडी त्यांनी दोन किलोमीटर ढकलत आणली होती. मधुमेहाची गोळी घेतलेली, जेवण मात्र राहिलेले. रक्तातील साखर ५४ भरली. साखरपाणी वेळेवर मिळाले, म्हणून निभावले.

लांबच्या प्रवासाची आखणी गाडीइतकीच शरीरासाठीही करावी, ती यासाठी. समृद्धी महामार्गावर दुचाकीला मनाई असल्याने मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा अशा गावांतूनच जावे लागते. ही सोयच समजावी. तेथील नातेवाइकाचे घर किंवा ओळखीचे उपाहारगृह आधीच फोन करून ठरवून ठेवावे. जलद चार्जिंगचा जोड प्रत्येक गाडीला बसतोच असे नाही. स्वतःचा चार्जर सोबत असावा. साध्या प्लगवर पूर्ण चार्जिंगला बहुधा चार-पाच तास लागतात. म्हणून पहाटे निघावे आणि बॅटरी पाव उरण्यापूर्वीच थांबावे. तापलेली बॅटरी सावलीत निवल्यावरच चार्जिंगला लावावी.

तो वेळ वाया गेला असे मानू नका. जेवा, पाणी प्या, औषध घ्या, पाठ टेका.

आणि गाडी वाटेत बंद पडलीच, तर ती ढकलू नका. सावली गाठा, घरी कळवा. छातीत दडपण, चक्कर किंवा बोलण्यात गोंधळ जाणवल्यास तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. गाडी मागाहूनही आणता येते.