आत्याचा बोकड

मराठीच्या प्राध्यापकाने शेळ्यांवर लिहायला बसावे, याचे आमच्या घरात हसू झाले. पण माझी पदवी एका बोकडावर उभी आहे, ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

माझी आत्या तुळजापूर तालुक्यातली. 1998 साली माझ्या कॉलेजच्या फीसाठी तिने कळपातला सर्वांत थोराड, काळाभोर बोकड खाटकाला विकला. मागे राहिला एक किरटा. त्याला गिऱ्हाईकच मिळेना. पुढे दोन वर्षे कळपातल्या प्रत्येक करडाचा बाप तोच! करडे खुरटी निपजू लागली. "शेरडांना नजर लागली," आत्या म्हणे.

नजर कसली? गावोगाव हेच चालते. जो भराभर वाढतो तो आधी विकला जातो आणि न खपणारा वंश चालवतो. हीच आत्या ज्वारीचे भरदार कणीस बियाण्यासाठी आढ्याला बांधून ठेवी. शेळ्यांच्या बाबतीत मात्र बियाणेच बाजारात जाई. पंचवीस-तीस शेळ्यांना एक बोकड पुरतो, म्हणजे त्याची चूक घरभर पसरते.

आत्याच्या शेळ्या उस्मानाबादी. (2023 मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, शेळीचे जुनेच राहिले.) ही जात जुळ्या करडांसाठी नावाजलेली. परंतु जुळ्यांचा गुण वंशात थोडाच उतरतो. तेव्हा एका वेतावर भुलू नये. बोकडाच्या आईची दोन-तीन वेते पाहावीत, दूध मापावे, करडांची वजने वहीत टिपावीत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने शेळीपालकांच्या घरच्या कळपांतच असे काम केले आहे. शिवाय दोन वर्षांनी बोकड बदलावा, नाहीतर तो आपल्याच लेकींना लागतो.

मी आत्याला वही आणून दिली. नोंदी भाचेसून ठेवी. त्यातून एक बोकड निवडला; आणि बकरी ईदेच्या तोंडावर त्याच्यासाठी व्यापारी दारात! घराचे पत्रे गळत होते. आत्याने माझ्याकडे पाहिले. वर्गात तासभर बोलणारा मी, तिथे गप्प. कोणत्या तोंडाने म्हणू, विकू नकोस?

शेवटी शेजारच्या तीन घरांनी तोड काढली. आपल्या शेळ्या त्यांनी याच बोकडाकडे आणायच्या आणि त्याची वैरण पुरवायची. पत्र्यांचे पैसे मी दिले. जुनी बाकीच होती ती.

आत्याने नोटा दोनदा मोजल्या. "आन् याज?" म्हणाली, आणि बोकडाचे दावे माझ्या हाती देऊन मला त्याला पाणी पाजायला पिटाळले.