कडेचा खेळाडू

फुटबॉलमध्ये विंगर म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा गडी. बचावपटूला चकवायचे आणि गोलसमोरच्या साथीदाराकडे चेंडू टाकायचा, हे त्याचे काम. गोलाचे नाव बहुधा दुसऱ्याचेच होते.

बेल्जियमचा फ्रँकी व्हर्कॉटरेन हा असाच डाव्या बाजूचा विंगर. १९७५ ते १९८७ अशी बारा वर्षे तो ब्रुसेल्सच्या अँडरलेख्ट क्लबकडून खेळला. १९८३ साली याच संघाने बेनफिकाला नमवून युएफा कप जिंकला. १९८६ च्या मेक्सिको विश्वचषकात त्याने पॅराग्वेविरुद्ध गोल केला. बेल्जियम उपांत्य फेरीत पोहोचला, पण मॅराडोनाच्या दोन गोलांनी वाट अडवली.

पुढे तो प्रशिक्षक झाला. २००६ आणि २००७ मध्ये त्याने अँडरलेख्टला लागोपाठ विजेतेपद मिळवून दिले आणि २००७ सरण्याआधीच क्लबने त्याला काढले! २००९ मध्ये राष्ट्रीय संघ तात्पुरता हाती आला. स्पेनकडून ५-० आणि चारच दिवसांनी आर्मेनियाकडून २-१ अशी हार पत्करल्यावर त्याने राजीनामा दिला. पण २०११ मध्ये त्याचा गेंक संघ लीग विजेता ठरला. त्या संघात केव्हिन डी ब्रुइन आणि गोलरक्षक थिबो कोर्टवा हे दोन एकोणीस वर्षांचे तरुण होते. पुढे दोघांनीही जग गाजवले.

खेळाडूची चूक पुढच्या मिनिटाला भरून निघू शकते. रेषेबाहेर उभ्या प्रशिक्षकाला मात्र ती दुसऱ्यांच्या पायांनी भरून काढावी लागते. तेवढी सवड त्याला प्रत्येक वेळी मिळतेच असे नाही.