खेळाला सवंगडी हवा

गेल्या महिन्यात लष्करातील एक आजीबाई आपल्या चार वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. "मास्तर, याला लयीचं अंग आहे हो!" त्या कौतुकाने म्हणाल्या. पुरावा म्हणून बाळराजांनी मोबाइलवरील खेळ दाखविला. गाणे वाजते, वरून रंगीत पट्ट्या घसरत येतात, त्या बोटाने टिपायच्या. पोराचे बोट खरोखरच चुकत नव्हते. मग मोबाइल बाजूला ठेवून मी केरव्याची टाळी धरली. दुसऱ्याच आवर्तनात ठेका सुटला! तयार झाले होते डोळे आणि बोट. कानाला काम पडलेच नव्हते.

म्हणून यंत्राला शिव्या घालाव्यात असे नाही. अमेरिकेतील ग्रामीण भागातील १२२ बालवाडीच्या मुलांची पाहणी ली आणि ॲटकिन्स या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केली. घरी संगणक हाताळणारी मुले शाळेच्या तयारीत व आकलनात सरस आढळली; व्हिडिओ खेळांशी मात्र असा संबंध दिसला नाही. अर्थात, संबंध दिसला म्हणजे कारण सापडले, असेही नव्हे.

याहून बोलका प्रयोग सिॲटलच्या पॅट्रिशिया कूल यांचा, २००३ सालचा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांशी चिनी भाषक माणसे बारा बैठकींत बोलली, खेळली. त्या बालकांना चिनी ध्वनींतले बारकावे ओळखू येऊ लागले. तीच माणसे ज्यांनी केवळ पडद्यावर पाहिली, त्यांच्या पदरी काही पडले नाही.

आपल्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. ग्वाल्हेरात गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. नातवाच्या जिभेवर 'ळ' चढायचा तो आजीच्या तोंडून ऐकूनच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक पडदा नको, कमी तितके बरे, असे सांगितले. मी आजीबाईंना एवढेच म्हटले, "खेळू द्या, पण शेजारी बसा. आणि रोज थोडा वेळ टाळीचा खेळ तुम्ही खेळा. तो मागे पडला की तुम्ही थांबा. मोबाइल त्याच्यासाठी थांबत नाही."

हल्ली दोघे टाळी देतच जिना चढतात. नातवाचा ठेका अजून सुटतो. पण सुटला की तो आजीच्या हाताकडे पाहतो आणि पुन्हा धरतो.