जिन्यावरचा गुडघा, सकाळची बोटे

टिटवाळ्याहून लोकल पकडणाऱ्या चाकरमान्यांत, तसेच अंगारकीला महागणपतीच्या दर्शनासाठी रांगेत तिष्ठणाऱ्या वयस्कर भाविकांत सांधेदुखीला सर्रास ‘वात’ म्हटले जाते; वास्तविक या एका शब्दाआड कारणे आणि उपचार सर्वस्वी निराळे असलेले अनेक आजार असतात. प्राचीन वैद्यकाने अशी सरमिसळ केलेली नव्हती, कारण चरकसंहितेत संधिगत वात आणि वातरक्त यांची वेगवेगळी लक्षणे दिली आहेत, तर माधवनिदानात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे. ही नावे आजच्या निदानांशी तंतोतंत जुळत नसली, तरी आधी दुखण्याची जात ओळखण्याची शिस्त त्यांत होती.

भिगवण (जि. पुणे) येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या घरोघरच्या पाहणीत झिजेचा संधिवात सुमारे ६ टक्के, तर आमवात अर्ध्या टक्क्याच्या आसपास प्रौढांत आढळला. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरण, म्हणजे कूर्चा, विरत जाऊन झिजेचा संधिवात होतो. त्यात रेल्वेपुलाचा जिना, विशेषतः उतरताना, गुडघ्याला जाचतो, आणि सकाळचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासात सुटतो. येथे औषधापेक्षा वजन घटवणे आणि मांडीचे स्नायू बळकट करणे अधिक फलदायी ठरते, कारण एक किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. काठी वापरायची तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेक जण नेमके उलटे करतात.

आमवाताची गोष्ट वेगळी. त्यात रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, दोन्ही मनगटे आणि बोटांचे सांधे सुजतात, आणि सकाळी तासभर, कधी त्याहून अधिक काळ, मूठ वळत नाही. कणीक मळणे किंवा धुण्याचा पिळा घालणेही अवघड होते. सूज सहा आठवडे टिकली, तर ‘वय झाले’ असे म्हणून थांबणे महागात पडते, कारण सांध्यांची कायमची हानी पहिल्या काही महिन्यांतच सुरू होऊ शकते.

गाउटमध्ये सांध्यात यूरिक आम्लाचे स्फटिक साचतात आणि पायाचा अंगठा मध्यरात्री असा ठणकतो की चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. अशा वेळी घरोघरी डाळ आणि टोमॅटो बंद होतात, पण मद्य, विशेषतः बिअर, आणि कलेजी यांचा दोष त्यांहून कितीतरी मोठा असतो. चिकुनगुनियानंतरचे सांधे मात्र ताप उतरल्यावरही महिनोन्‌महिने दुखू शकतात. १९७३ मध्ये बार्शीत आणि २००६ मध्ये राज्यभर या साथीचा अनुभव आला.

अनेक तऱ्हेच्या ‘वातावर’ एकच औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, त्यामुळे सूज झटपट उतरते आणि निदान लांबते. आमवातावरील मुख्य औषध मेथोट्रेक्झेट याच्या वापराबाबतही एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते: ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून घरातल्या कॅलेंडरवर संकष्टी जशी पाहून ठेवली जाते, तसा गोळीचा वारही ठळक खुणेने नोंदवलेला बरा.