मेंढरांच्या वाटेवरचा मुलूख

बारामती-इंदापूरकडे फिरायला येणाऱ्यांच्या यादीत बहुधा दोनच नावं असतात: मोरगावचा मयूरेश्वर आणि भिगवणचे रोहित पक्षी. मधला माळ गाडीच्या काचेतूनच मागे पडतो. या मुलखाची खरी ओळख मात्र त्या माळावर होते, आणि ती करून देतात मेंढरं.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून काटेवाडीला येते. परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि धनगर आपली मेंढरं पालखीभोवती पळवतात. पुढे बेलवाडीला अश्वाचं गोल रिंगण होतं. तेही देखणंच; पण घोडा पालखीबरोबर आलेला असतो. मेंढरू इथलंच, वारी पुढे गेली की पुन्हा माळावर चरायला जाणारं.

त्याच माळावर लांडगाही राहतो. इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ इथे वनखात्याने गवताळ सफारी सुरू केली आहे. लांडगा, खोकड, तरस, चिंकारा यांतलं काय दिसेल, हे नशिबावर. झाडीतल्या वाघासाठी रांगा लावणाऱ्यांनी एकदा उघड्या रानात नजर लांब टाकून बघावं. लांडगा मेंढरू उचलतो, धनगर काठी-कुत्र्यांनिशी राखण करतो, वनखात्याकडून भरपाईसाठी पंचनामा होतो. हा संसार भांडणाचा असला तरी जुना आहे. नवं संकट वेगळं आहे: पुणे जिल्ह्यातल्या माळांवर भटक्या कुत्र्यांशी संकर झालेले लांडगे जनुकीय तपासणीत आढळले आहेत. दुसरीकडे, गवत उपटून झाडं लावण्याचा उत्साह. झाडं लावणाऱ्याला पुण्य मिळतं, चिंकाऱ्याचं मोकळं रान मात्र जातं. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य (१९९७) मुख्यतः या चिंकाऱ्यासाठीच. क्षेत्र जेमतेम ५ चौरस किलोमीटर. मोरगावहून ते जवळच आहे, पण दर्शन घेऊन परतणारी किती वाहनं तिकडे वळतात?

पाण्याची बाजू थोडक्यात सांगतो. कऱ्हा मोरगावहून बारामतीला येते. मोरोपंतांनी (१७२९-१७९४) आपलं बरंचसं काव्य या बारामतीतच रचलं. सोनगावला कऱ्हा नीरेला मिळते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेला. संगमावरचा लक्ष्मी-नृसिंह अनेक घराण्यांचं कुलदैवत आहे. ज्या भीमेच्या पाण्यावर रोहित उतरतात, ते उजनीचं पाणी मात्र माणसाने अडवलेलं. १९८० साली धरण पूर्ण झालं, काठची गावं उठली. पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते उघडं पडतं आणि नावेतून लोक बघायला जातात. उथळ चिखल उघडा पडला की रोहितांनाही चारा मिळतो. कुंभारगावचे मच्छीमार आता होडीतून पक्षीही दाखवतात. धरणाने इथल्या लोकांकडून जमीन घेतली आणि एक नवा धंदा दिला. हिशेब बरोबरीचा झाला असं मला वाटत नाही.

येणाऱ्याने हिवाळ्यात यावं. पहाटे होडी, ऊन चढायच्या आत माळ, दुपारी संगम. गवतात गाडी घालू नये. मेंढरांचा कळप रस्त्यावर आला तर हॉर्न न वाजवता थांबावं. धनगराशी बोलणं झालं तर लांडग्याबद्दल विचारावं. तो शिव्या देईल, आणि रात्री कळपाभोवती लांडगा कुठून आला, कुठे बसला, हेही तपशिलात सांगेल.