पावसात टीव्ही का जातो?

आमच्या घरावर टीव्हीची छत्री आहे. गेल्या भाद्रपदात बाबा बोटीवर होते आणि संध्याकाळी विजा कडाडून पाऊस आला. आजी हवामानाच्या बातम्या बघत होती. तेवढ्यात पडद्यावर चौकोन चौकोन आले आणि चित्रच गेलं. आजी म्हणाली, "बोटीवरचं मशीन पण बंद पडलं असंल. तुझ्या बापाला वाट कशी गावंल?" मला रात्री झोप आली नाही.

सकाळी बाबा आले. म्हणाले, "पावसानं जीपीएसला काय होत नाय." मग टीव्हीलाच का होतं? मी शाळेत बाईंना विचारलं.

टीव्हीचा उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंच आहे. एवढ्या लांबून लहर नीट येते आणि अडते कुठे, तर शेवटच्या चारपाच किलोमीटरमध्ये! कारण पाऊस तिथेच असतो. ही लहर फक्त अडीच सेंटिमीटर लांब. टपोरे थेंब तिची शक्ती शोषून घेतात आणि तिला इकडेतिकडे उडवतात. रिमझिम असली तर चित्र टिकतं. जीपीएसची लहर मात्र 19 सेंटिमीटरची. तिच्यापुढे थेंब फारच बारीक, म्हणून ती पावसातून सरळ येते. मी दोन्ही मोजून बघितल्या. माझी पट्टी 15 चीच आहे, म्हणून बाईंची घेतली.

पण जीपीएसला दुसरा त्रास असतो, तो पाऊस नसताना पण होतो. खूप वर, 300 किलोमीटरच्या आसपास, उन्हाने हवेचे कण फुटून विजेचा भार असलेला थर होतो. त्याला आयनांबर म्हणतात. सूर्य मावळल्यावर कधी कधी त्यात खालून बुडबुडे चढतात, पेज शिजताना येतात तसे. पण हे बुडबुडे कित्येक किलोमीटर मोठे! त्यांतून येताना लहर कुठे जोरात, कुठे कमी अशी होते. खाडीच्या उथळ पाण्यात तळाला उन्हाची जाळी हलते ना, तसंच. आपल्याकडे हे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात जास्त होतं.

सूर्यावर वादळ झालं तरी आयनांबर हलतं. तेव्हा अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेतली नोंद पण हलते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही वेधशाळा 1904 साली कुलाब्याहून अलिबागला आणली. बाई आम्हाला ती बाहेरून दाखवणार आहेत.

मी हे सगळं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, चैत्रात अंधार पडल्यावर मशीनवर बोट कधी कधी उगाच उडी मारते. तेव्हा ते होकायंत्र बघतात आणि खांदेरीचा दिवा शोधतात.